वरच्या मजल्यावरचें बिऱ्हाड आणि एक कुत्रें

(नभोवाणीवर झालेलें भाषण)



'घरमालक आणि बिऱ्हाडकरू' या विषयावर पंधरा मिनिटें बोला, असें मला सांगण्यांत आलें तेव्हां मीं प्रथम नाहीं म्हटलें. मी कांहीं कायदेपंडित नव्हें. मॅट्रिक होऊन शिक्षकाचा पेशा पत्करलेला, छत्तीस वर्षें फळ्यापुढें उभा राहून आतां घरीं बसलेला मी मनुष्य. परंतु विचार करतां ध्यानांत आलें कीं, एखाद्या विषयांत जो चुकला आहे त्याला त्यावर बोलण्याचा थोडाबहुत अधिकार असतो. आणि त्या अधिकारांत मी कोणाला हार जाणार नाहीं. म्हणून आज आमच्या घरांत घडलेली एकच हकीकत सांगतों. बिऱ्हाडकरूनें मालकाला न विचारतां जागेंत कुत्रें आणून ठेविलें तर मालकानें काय करावें, हा तिचा विषय. विषय लहान आहे खरा. पण त्यानें माझी महिनाभर झोंप उडविली होती.

आमचें घर पुण्यांतलें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकांठच्या पेठांतून पाणी शिरलें, त्यांत वडिलांचें भाड्याचें बिऱ्हाड गेलें. पुढें गांवाबाहेर नव्या वसाहती वसल्या, तेथें त्यांनीं काटकसर करून हें दोन मजली घर बांधलें. खालीं आम्ही नवराबायको राहतों. वर दोन खोल्या व स्वयंपाकघर. त्यांचें भाडें माझ्या निवृत्तिवेतनाला जोड देतें. वरच्या दाराची चौकट सागवानी आहे. एक जुना वाडा पाडला गेला तेव्हां वडिलांनीं ती विकत घेऊन डोक्यावरून वाहून आणली होती. चौकटीचा उल्लेख मुद्दाम केला; ती पुढें येणार आहे.

२०२२ सालीं ही जागा आम्हीं एका परिचारिकेस दिली. बाई, त्यांच्या सासूबाई व आठ वर्षांचा मुलगा, एवढींच माणसें. यजमान जहाजावर नोकरीस. वर्षांतून दोन महिने घरीं. करार अकरा महिन्यांचा, सर्वत्र असतो तसा. कायद्याच्या भाषेंत अशा मनुष्यास भाडेकरू म्हणत नाहींत, परवानगीनें राहणारा म्हणतात. पण बोलतांना आपण सगळेच भाडेकरू म्हणतों, मीही तेंच म्हणेन. त्या करारांत अकरावें कलम होतें: 'जागेंत कुत्रें, मांजर वगैरे कोणताही प्राणी पाळूं नये.' हें कलम छापील मसुद्यांतून आपोआप आलेलें नव्हतें. माझ्या पत्नीला ती सहा वर्षांची असतांना कुत्रें चावलें होतें. त्या काळीं त्यावर पोटांत चौदा इंजेक्शनें घ्यावीं लागत. तीं तिनें घेतलीं, आणि तेव्हांपासून कुत्र्याची भीति तिच्या मनांत जी बसली ती साठी उलटली तरी गेलेली नाहीं. रस्त्यांत कुत्रें दिसलें कीं ती आजही माझ्या उजव्या बाजूची डाव्या बाजूला येते. तेव्हां आमचें तें कलम तऱ्हेवाईकपणाचें होतें असें कोणीं समजूं नये.

२०२४ सालच्या आषाढांत सासूबाई गांवीं परतल्या. तेथें धाकट्या सुनेचें बाळंतपण होतें. त्यानंतर वरच्या मजल्याच्या रीतींत हळूहळू फरक पडूं लागला. पूर्वीं भाड्याच्या दिवशीं बाई आम्हां दोघांना वर चहाला बोलावीत. आतां त्या स्वतः खालीं येऊन उंबऱ्यावरूनच पाकीट देऊन जाऊं लागल्या. दूध अर्धा लिटर वाढलें. मुलगा बाहेर पडतांना आधीं दार ओढून घेई आणि मग जिन्यावर बसून बूट घाली. रात्रीं छतावर कोणी वाटाणे सांडावे तसा बारीक आवाज येई. मीं एकदां विचारलें, "काय रे, वर काय चालतें?" तो म्हणाला, "आजोबा, मी चेंडू खेळतों." रात्रीं अकरा वाजतां!

छत्तीस वर्षें वर्ग सांभाळलेल्या माणसाला हें ओळखतां यावयास हवें होतें. ज्या मुलानें बाकांत कांहीं दडविलेलें असतें, तो झाकणावर दोन्ही कोपरें टेकून बसतो, आणि त्या दिवशीं तो फार सभ्यपणानें वागतो. पण वर्गांत जें दिसतें तें घरांत दिसत नाहीं.

श्रावणांत एका गुरुवारीं दुपारीं बाई कामावर, मुलगा शाळेंत, आणि वरून रडण्याचा आवाज आला. आधीं लहान, मग मोठा, मग सरळ भुंकणें. पत्नी स्वयंपाकघरांतून येऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली. माझ्यापाशीं वरच्या कुलपाची दुसरी किल्ली होती. ती घेऊन मी जिना चढलों आणि दार उघडलें.

आंत एक तांबूस रंगाचें गांवठी पिल्लू होतें, चारेक महिन्यांचें. एक कान उभा, एक पडलेला. मला पाहून तें आधीं मागें सरलें आणि मग शेपूट हालवूं लागलें. मीं त्याच्याकडे पाहिलें नाहीं. मीं चौकटीकडे पाहिलें. खालून वीतभर उंचीपर्यंत साग कुरतडून काढलेला होता. वडिलांनीं डोक्यावरून आणलेला साग! त्या क्षणीं मला जो राग आला तो आतां सांगतांनाही मला लाज वाटते. पुणेरी मनुष्याला राग आला कीं तो पाटी लिहितो. मींही खडूनें काळ्या फळीवर लिहिलें, 'या घरांत कुत्रें ठेवण्यास सक्त मनाई आहे,' आणि ती जिन्याच्या तोंडाशीं टांगली. तेवढ्यानें समाधान न होतां संध्याकाळीं बाई आल्या तेव्हां त्यांना मुलादेखत म्हटलें, "रविवारपर्यंत हें कुत्रें या घरांतून गेलें पाहिजे. नाहींतर जागा तुम्हीं सोडावी." त्यांनीं कांहीं सांगण्यास तोंड उघडलें होतें. मीं हात वर केला. वर्गांत मुलांना गप्प करण्यास करीत असें तसा.

रात्रीं पत्नी म्हणाली, "तिला काय सांगायचं होतं तें ऐकून तरी घ्यायचं." मीं म्हटलें, "करारांत लिहिलेलें आहे, ऐकायचें काय?" ती म्हणाली, "नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागें धांवले होते." मीं म्हटलें, "नामदेवांनीं वरचा मजला भाड्यानें दिला नव्हता." हें उत्तर मला त्या वेळीं फार मार्मिक वाटलें. शिवाय रविवारपर्यंत ऐकलें नाहीं तर टाकीची वरची चावी फिरवून पाणी बंद करावें, असाही बेत मीं मनांत केला होता. पत्नीला तो सांगितला नाहीं, यावरूनच त्याची योग्यता आपल्या ध्यानांत यावी.

पाणी बंद करण्याची वेळ आली नाहीं. रविवारीं दुपारीं चार वाजल्यापासून वर शांतता झाली. सोमवारीं शांतता. मंगळवारीं मुलगा शाळेंतून येतांना फाटकाशीं भेटला. मीं मोठेपणानें विचारलें, "काय, कोणाला दिलास कुत्रा?" तो माझ्याकडे न पाहतां म्हणाला, "आजोबा, रविवार संपायच्या आधींच सोडला." गृहपाठ वेळेवर केला आहे, असें सांगतांना मुलें ज्या आवाजांत बोलतात त्या आवाजांत.

सोडला! दिला नव्हे, सोडला. बाईंनीं शुक्रवारीं व शनिवारीं ओळखीच्या दहा-बारा घरीं विचारलें होतें. तीन दिवसांत गांवठी पिल्लू कोण घेणार? शेवटीं रविवारीं रिक्षा करून दोघेंजण त्याला घेऊन खडकवासल्याच्या पुढें गेलीं आणि कणसांच्या गाड्या लागतात तेथें त्याला उतरवून आलीं. तेथें माणसांची वर्दळ असते, खायला तरी मिळेल, एवढाच विचार.

आणि हें कुत्रें आलें कशासाठीं, तेंही मला त्या दिवशीं कळलें. बाईंना महिन्यांतून आठ-दहा रात्रपाळ्या असत. सासूबाई होत्या तोंवर प्रश्न नव्हता. त्या गेल्यापासून तें दहा वर्षांचें पोर त्या रात्रीं वर एकटें निजत होतें. त्याच्या आईनें शाळेच्या वाटेवर सांपडलेलें पिल्लू ठेवूं दिलें तें त्यासाठीं. आम्ही दोघें खालच्या मजल्यावर, मधें एक छत. आणि छतावरच्या नखांचा आवाज मला ऐकूं आला होता, पण पोराचें एकटेपण ऐकूं आलें नव्हतें. "आम्हांला कां सांगितलें नाहीं?" असें पत्नीनें बाईंना विचारलें. त्या म्हणाल्या, "काकू, मूल एकटं ठेवतें म्हणून तुम्ही बोल लावाल असं वाटलं. आणि कुत्र्याचं तर करारांतच होतं." मुलें वही लपवितात ती चुकली म्हणून लपवीत नाहींत, मास्तर कसा आहे हें ठाऊक असतें म्हणून लपवितात.

माझा एक जुना विद्यार्थी वकिली करतो. त्याच संध्याकाळीं तो दुसऱ्या कामासाठीं आला असतां मीं त्याला सर्व सांगितलें. मला वाटलें होतें, तो म्हणेल, सर, आपलें बरोबर होतें. त्यानें प्रथम करार मागितला. पाहिला, उलटून पाहिला, आणि विचारलें, "यंदाच्या कराराची नोंदणी कोठें आहे?" पहिल्या वर्षीं नोंदणी केली होती. पुढील दोन्ही वेळीं 'बाई चांगल्या आहेत, कशाला खर्च' म्हणून नुसत्या मुद्रांकावर सह्या घेतल्या होत्या. तो म्हणाला, "सर, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणें असा करार लेखी आणि नोंदलेला असला पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल तर अटी काय होत्या याविषयीं राहणारा जें सांगेल तें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें. बाई म्हणाल्या असत्या कीं कुत्रें ठेवायला सरांनीं तोंडी परवानगी दिली होती, तर आपण काय करणार होतां?"

दुसरी किल्ली लावून आंत गेलों हें ऐकून त्यानें कपाळाला हात लाविला. मालकाला जागा पाहण्याचा हक्क आहे. पण आधीं सूचना देऊन आणि वाजवी वेळीं. पाण्याच्या चावीचा बेत मीं त्याला सांगितला तो विद्यार्थ्यानें गुरूला रागवावें म्हणूनच असावा. भाडेकरूचें पाणी, वीज योग्य कारणावांचून तोडण्यास त्याच कायद्यांत स्पष्ट मनाई आहे. आणि पाळलेलें जनावर उपाशी-तहानेलें राहील अशा स्थितींत विनाकारण सोडून देणें हा १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्यानें अपराध आहे. पहिल्या अपराधाला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. आंकडा ऐकून मला हंसूं आलें; पण लगेच ओसरलें. कायद्याचें बोट त्या बाईकडे होतें, आणि रविवारची मुदत घालणारा मी पाटीखालीं उभा होतों.

तर मग मालकानें करावें काय? माझ्या शिष्यानें सांगितलें तें थोडक्यांत असें. सहकारी गृहसंस्थेनें ठराव करून कोणा रहिवाशाला कुत्रें पाळूं देऊं नये, हें चालत नाहीं. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानें २०१५ सालीं तशा सूचना काढलेल्या आहेत. परंतु गृहसंस्थेचा ठराव निराळा आणि मालकाचा स्वतःच्या जागेचा करार निराळा. करारांत कलम असेल तर मालकाला तें बजावण्याचा अधिकार आहे. मात्र बजावण्याची रीत आहे. प्रथम बोलावून विचारावें: प्राणी कोणता, केव्हांपासून आहे, कां आणला. मग लेखी पत्र द्यावें, त्यांत कलमाचा निर्देश असावा, आणि मुदत अशी द्यावी कीं तेवढ्यांत त्या जनावराला दुसरें घर खरोखर मिळूं शकेल. तीन दिवसांत मिळत नाहीं. महिना तरी हवा. शेजाऱ्यांना उपद्रव असेल तर तो केव्हां व कसा, हें टिपून ठेवावें. तरीही ऐकलें नाहीं, तर मुदत संपल्यावर करार पुन्हां करूं नये. मुदतीनंतर जागा न सोडल्यास त्यासाठीं सक्षम प्राधिकारी नेमलेला आहे, आणि तोंपर्यंत दुप्पट दरानें भरपाई देण्याची जबाबदारी राहणाऱ्यावर येते. हा मार्ग लांबचा दिसतो. पण चावी फिरविण्याच्या मार्गापेक्षां तो नेहमींच जवळचा ठरतो, असें तो म्हणाला.

यावर कोणी म्हणेल, मालकानें निमूटपणें कुत्रें सोसावें काय? मुळींच नाहीं. घरांत दम्याचें माणूस असेल, तान्हें मूल असेल, माझ्या पत्नीसारखी भीति असेल, किंवा नुसती नावड असेल, तरीही नाहीं म्हणण्याचा हक्क मालकाला आहे. आणि बिऱ्हाडकरूनें आधीं विचारावयास हवें होतें, हें मीं बाईंना स्पष्ट सांगितलें. त्यांनीं तें कबूल केलें. माझी चूक 'नाहीं' म्हणण्यांत नव्हती. माझें 'नाहीं' असें होतें कीं, त्याला पाळण्याचा एकच रस्ता उरला, आणि तो खडकवासल्याला जात होता.

बुधवारीं सकाळीं मी, मुलगा व बाई रिक्षानें तेथें गेलों. पाऊस होता. कणसांच्या गाड्यांशीं विचारीत फिरलों. कोणीं पाहिलें नव्हतें. गुरुवारीं मी आणि मुलगा दोघेंच पुन्हां गेलों. रिक्षांत तो माझ्याशीं एक शब्द बोलला नाहीं, आणि मलाही काय बोलावें तें सुचेना; मी आपला नदीकडे पाहत बसलों. शेवटच्या गाडीवर एक म्हातारी कणसें भाजीत होती. तिच्या खाटेखालीं पोत्यावर तें पिल्लू पडलेलें, मागचा एक पाय सुजलेला. मुलानें हांक मारली तेव्हां तें उठलें आणि तीन पायांवर आलें. म्हातारीनें माझ्याकडे पाहिलें. "तुमचं व्हय? गाडीतनं येत्यात, सोडत्यात, अन् वळूनबी बघत न्हाईत. तुमी म्हातारं मानूस, तुमाला कळाय नगं?" मीं 'बिऱ्हाडकरूचें आहे' असें सांगण्याच्या बेतांत होतों. सांगितलें नाहीं. तिनें पैसे घेतले नाहींत; दोन कणसें घेतलीं, त्यांचे मात्र पुरे घेतले.

पशुवैद्यांनीं पाय मोडला नसल्याचें सांगितलें. रेबीजची लस टोंचली. ती तीन महिन्यांच्या वयानंतर द्यावयाची व पुढें दरवर्षीं. चौकटीविषयींही त्यांनाच विचारलें. ते म्हणाले, चौथ्या महिन्यापासून सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत पिल्लांचे दुधाचे दांत पडून नवे येतात, हिरड्या शिवशिवतात, मग तें सांपडेल तें चावतें. चावायला दुसरें कांहीं द्या. माणसाच्या मुलाविषयीं हें मला ठाऊक होतें.

मग चौघांनीं खालच्या बैठकींत बसून अकरावें कलम नव्यानें लिहिलें. पत्नीच्या अटी प्रथम ऐकल्या, कारण भीति तिची होती. जिन्यावर व अंगणांत कुत्रें साखळीशिवाय असूं नये. तुळशीकडे व आमच्या मागच्या दाराकडे आणूं नये. खालीं उतरविण्यापूर्वीं वरून हांक द्यावी. बाईंनीं महानगरपालिकेचा परवाना काढावा व लसीचा दाखला दरवर्षीं दाखवावा. चौकटीची दुरुस्ती त्यांच्याकडे. मीं पांच हजार रुपये जादा अनामत मागितली आणि ती कशासाठीं व केव्हां परत, हें करारांत लिहून दिलें. न लिहितां घेतलेली अनामत हें पुढील भांडणाचें बियाणें असतें. शेजारच्या दोन घरीं मी स्वतः जाऊन सांगून आलों. एका घरीं चहा मिळाला. दुसऱ्या घरीं, "आम्हांला आषाढापासून ठाऊक आहे," असें उत्तर मिळालें. रात्रपाळीच्या दिवशीं मुलानें खालीं आमच्याकडे निजावें, असें पत्नीनेंच सुचविलें. "आणि मोत्या?" त्यानें विचारलें. तेव्हां नांव कळलें. त्या प्रश्नावर बैठक पाऊण तास अडली. शेवटीं पत्नी म्हणाली, मोत्या वर, मूल खालीं, आणि जिन्याचें दार उघडें, म्हणजे दोघांना एकमेकांचा आवाज येईल.

या वेळीं नोंदणी केली. हल्लीं अंगठ्याचें यंत्र घेऊन माणूस घरींच येतो. जागेंतील वस्तूंच्या यादींत पंखे तीन, दिवे पांच, असें लिहीत असतां, "कुत्रें कोठें घालूं?" असें त्यानें विचारलें. मुलगा म्हणाला, "तो वस्तु नाहीं." तेव्हां त्याच्यासाठीं निराळें कलम झालें. पाटी मीं त्याआधींच उतरविली होती. मागील बाजूला कोरी होती, म्हणून मुलाला पाढ्यांसाठीं दिली.

सुतार येऊन चौकट पाहून गेला. पिल्लाचे दांत पुरे येईपर्यंत हात लावूं नका, नाहींतर दोनदां काम करावें लागेल, असें त्याचें मत पडलें. आतां दिवाळी आली. कुत्र्याचा कान आपल्यापेक्षां फार तिखट. आपल्याला ऐकूं न येणारे उंच सूरही त्याला ऐकूं येतात, मग फटाक्यांचे आवाज त्याला कसे होत असतील! आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं बाईंची पाळी आहे. आमच्या घरांत जाड भिंतीची, खिडकी नसलेली एकच खोली, आणि ती खालीं, देवघराच्या शेजारची. मोत्याला तेथें बसवावें काय, हा प्रश्न मीं पत्नीपुढें मांडला आहे. तिनें अद्याप होकार दिलेला नाहीं. पण काल त्या खोलींतली चांगली सतरंजी काढून तिनें तेथें जुनें पोतें टाकलें आहे.